न बोललेलं वाक्य

लग्नाकार्यात नवी ओळख झाली आणि मी वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात आहे असं कळलं, की समोरच्याचा चेहरा उजळायचा. ‘मजा आहे बुवा तुमची! मॅच फुकट बघायची आणि वर पगारही घ्यायचा!’ मी हसून मान डोलवायचो. पंगतीत बसून खरी हकिकत कुठे सांगायची? तीस वर्षांतल्या बहुतेक रात्री मी मैदानावर नव्हे, डेस्कवर काढल्या. आधी टेलिप्रिंटरच्या खडखडाटात, नंतर संगणकाच्या पडद्यासमोर. हॉकीत गोल करणाऱ्याचं नाव चुकलं नाही ना, जिल्हा कबड्डीच्या बातमीत जिंकलेला संघ मथळ्यात हरला नाही ना, हे बघत. शेवटची लोकल चुकली, की टेबलावरच आडवं व्हायचं आणि पहिल्या गाडीने घरी. मुलं शाळेला निघायची तेव्हा बाबा झोपायला जायचे. ही आमची मजा.

तरीही ही नोकरी मी हौसेने धरली आणि हौसेने केली. त्याला कारणीभूत झाला एक इंग्रज गृहस्थ. मी नोकरीला लागलो १९७८ साली. ते त्याआधीच, २८ फेब्रुवारी १९७५ रोजी, लंडनमध्ये वारले होते. त्यांचं नाव नेव्हिल कार्डस.

कॉलेजात असताना फाउंटनच्या फुटपाथवर त्यांचं आत्मचरित्र चार रुपयांना मिळालं. मुखपृष्ठ फाटलेलं, पहिल्या पानावर कुणा अनोळखी माणसाची सही. मी ते क्रिकेटचं पुस्तक म्हणून घेतलं आणि पहिली कित्येक पानं त्यात क्रिकेट आलंच नाही. आली ती मँचेस्टरची धुरकट गल्ली, आजीच्या घरातला कपडे धुण्याचा धंदा आणि त्या वाफेत वाढणारं एक चष्मिष्ट पोर.

कार्डस यांचा जन्म मँचेस्टरच्या रशोम भागातला. जन्मदाखल्यावर तारीख आहे ३ एप्रिल १८८८, पण आयुष्यभर चालली ती २ एप्रिल १८८९. आपल्या जन्मतारखेपासूनच या माणसाचं वस्तुस्थितीशी जरा सैलसर नातं होतं म्हणायचं! जन्माच्या वेळी आईचं लग्न झालेलं नव्हतं. वडील कोण, याचा खात्रीचा पत्ता नाही. आजोबा निवृत्त पोलीस. आई आणि मावश्या ज्या मार्गाने चार पैसे मिळवत, तो चारचौघांत बोलून दाखवण्याजोगा नव्हता. शाळा तेराव्या वर्षाच्या आसपास सुटली. मग या पोराने धुतलेले कपडे पोचवले, हातगाडी ढकलली, छापखान्यात पडेल ते काम केलं, थिएटरात चॉकलेटं विकली. पुढे सागरी विमा काढणाऱ्या एका कचेरीत कारकुनी मिळाली. मालक भले होते. काम नसलं की हा सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचा. त्याचं कॉलेज ते वाचनालय आणि विद्यापीठ म्हणाल तर ओल्ड ट्रॅफर्डचं मैदान. तिथे लँकेशायरच्या मॅकलारेनला फलंदाजी करताना त्याने लहानपणी पाहिलं आणि ते चित्र म्हातारपणापर्यंत पुसलं गेलं नाही.

१९१२ मध्ये श्रूसबरी शाळेत त्यांना क्रिकेटच्या साहाय्यक प्रशिक्षकाची जागा मिळाली. श्रीमंतांच्या मुलांना नेटमध्ये गोलंदाजी करायची आणि उरलेल्या वेळात वाचायचं, असं ते काम. तिथून ते पोचले ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये. १९१७ साली वार्ताहर झाले ते नाटक-संगीतावर लिहिण्याची स्वप्नं घेऊन. क्रिकेट त्यांच्या वाट्याला आलं ते आजारपणामुळे. १९१९ मध्ये त्यांची प्रकृती पार ढासळली. उठून हिंडूफिरू लागले तेव्हा वृत्तसंपादक क्रोझियर यांनी सुचवलं, की काही दिवस ओल्ड ट्रॅफर्डवर उन्हात बसा, मॅच बघा, जमलं तर चार ओळी लिहा. महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये क्रिकेट नुकतंच पुन्हा सुरू होत होतं. हवापालट म्हणून दिलेलं काम जन्माचं होऊन बसलं. ‘क्रिकेटर’ या टोपणनावाने त्यांचे वृत्तांत छापून येऊ लागले आणि ज्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, अशीही माणसं ते पान उघडू लागली.

असं होतं तरी काय त्यांच्या लिहिण्यात? त्याआधी क्रिकेटची बातमी म्हणजे बहुधा जमाखर्च असे. अमुक इतक्या वाजता बाद झाला, इतक्या मिनिटांत इतक्या धावा. कार्डस यांनी त्या जमाखर्चात माणसं आणली. धावफलक म्हणजे गाढव, त्यावरून खेळाडू कळत नाही, असं ते म्हणत. ढगाळ दुपारी तीस धावा काढून परतणारा म्हातारा फलंदाज त्यांना शतकवीरापेक्षा मोठा वाटू शके. कोण कसा चालत आला, टोपी कशी सारखी केली, झेल सुटल्यावर कुणी कुणाकडे पाहिलं नाही, हे ते टिपत. शिवाय त्यांचा कान गवयाचा होता. १९२७ मध्ये ते त्याच वृत्तपत्राचे मुख्य संगीत समीक्षक झाले. उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात संगीताच्या मैफली, अशी त्यांची दोन पिकांची शेती वर्षानुवर्षं चालली. ज्या मराठी घरांत सकाळी रेडिओवर ‘संगीत सरिता’ लागायचं आणि नंतर त्याच रेडिओला कान लावून कसोटीचं धावतं वर्णन ऐकलं जायचं, त्यांना हे नवल वाटणार नाही. विलंबित ख्यालासारखी एखादी खेळी चढत जाते, हे आपल्याकडे शास्त्र न शिकलेल्यालाही समजतं.

त्यांच्या लग्नाचा किस्सा तर पाठच आहे मला. जून १९२१. आत्मचरित्रात ते सांगतात, की त्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे मैदानावर गेले. लँकेशायरचे मेकपीस आणि हॅलोज सलामीला आले. थोडा वेळ खेळ बघून कार्डस टॅक्सीने नोंदणी कचेरीत गेले, लग्न लावलं आणि सपत्नीक परत आले. तेवढ्या अवधीत संघाच्या धावा वाढल्या होत्या फक्त सतरा! मेकपीस पाच, हॅलोज अकरा आणि एक लेगबाय. हा किस्सा मी माझ्या साखरपुड्यात सांगितला होता. सासरचे लोक बराच वेळ गंभीर होते.

पुढे १९३६-३७ मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथेच राहून लिहीत होते. १९६७ मध्ये ते ‘सर’ झाले. ज्या लँकेशायर क्लबाच्या दाराशी पोरवयात घुटमळले, त्याचं अध्यक्षपदही त्यांना मिळालं. त्रिनिदादहून आलेला सी. एल. आर. जेम्स नावाचा तरुण १९३२ मध्ये लँकेशायरमध्ये खेळाडू लिअरी कॉन्स्टन्टाईन यांच्याकडे उतरला होता. त्याने गोलंदाज सिडनी बार्न्सवर लिहिलेला लेख कार्डस यांनी वाचला, छापून आणला आणि त्याला ‘गार्डियन’मध्ये क्रिकेटचं काम मिळवून दिलं. पुढे त्याच जेम्स यांनी १९६३ मध्ये ‘बियाँड अ बाउंड्री’ हे पुस्तक लिहिलं आणि वेस्ट इंडिजच्या क्रिकेटमधून तिथला वर्णभेद आणि गुलामगिरीचा वारसा जगाला समजावून सांगितला. दुसऱ्याच्या लेखणीला जागा करून देणारे लेखक कमीच असतात. कार्डस त्यांतले.

इथपर्यंतचे कार्डस माझे देव होते. आता देवाच्या पायांविषयी.

कार्डस यांच्या वृत्तांतांत खेळाडू फार सुरेख बोलतात. यॉर्कशायरचा एमट रॉबिन्सन तर असा काही बोलतो, की नाटककाराने हेवा करावा. मौज अशी, की खुद्द रॉबिन्सनलाच आपण असं बोलतो हे ठाऊक नव्हतं. मला तुम्हीच घडवलंत, अशा अर्थाचं तो कार्डस यांना म्हणाल्याचं सांगतात. दुसरी गोष्ट लँकेशायरच्या डिक टिल्डस्लीची. अंगाने आडवा, फिरकी टाकणारा साधा माणूस. एकदा सगळ्यांना झेल वाटलेला चेंडू जमिनीला लागला होता, हे त्याने आपणहून पंचांना सांगितलं. कार्डस यांनी त्याचं अभिनंदन केलं. छापून आलं, की टिल्डस्लीने आपल्या गावच्या रविवारच्या धर्मशाळेत मिळालेल्या संस्कारांचा दाखला दिला, तोही अस्सल ग्रामीण बोलीत. पुढे कार्डस यांनीच मोकळेपणाने सांगून टाकलं, की तो बिचारा आभार मानण्यापलीकडे काही बोलला नव्हता. बाकीचं मी घातलं. पण देवाने त्याच्या तोंडी तेच योजलं असणार! वस्तुस्थितीच्या वर एक मोठं सत्य असतं, असं त्यांचं म्हणणं.

गंमत बघा. ज्या संपादकाच्या हाताखाली ते काम करत होते, त्या सी. पी. स्कॉट यांनी १९२१ मध्ये लिहिलेला एक विचार पत्रकारितेच्या वर्गात आजही शिकवला जातो. मत कुणीही मोकळेपणाने मांडावं, पण वस्तुस्थिती पवित्र मानावी, हा तो विचार. एकाच इमारतीत, एकाच वर्षी, एका टेबलावर हे वाक्य लिहिलं जात होतं आणि दुसऱ्या टेबलावर ‘क्रिकेटर’ आपलं काम करत होते.

विशीत मला यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, की लिहावं तर असं!

साल १९८४. पावसाळा. कांगा लीग सुरू होती. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. विकेट ओली, मैदानात घोट्याएवढं गवत, फलंदाजाचे हाल. आझाद मैदानावर तर एका मॅचचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या मॅचच्या गोलंदाजाशेजारी उभा असतो. डेस्कवरून कधी नव्हे तो मला तिथे पाठवलं होतं. तळाच्या गटातला सामना, कुणी ढुंकून न बघणारा. शेवटची जोडी खेळत होती, जिंकायला चार-पाच धावा हव्या होत्या. स्लिपमध्ये सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलाने पुढे झेपावत चेंडू उचलला. जल्लोष झाला, पंचांचं बोट वर जाऊ लागलं, तोच हा मुलगा मान हलवत म्हणाला, ‘नाही, टप्पा पडला होता.’ खेळ पुढे चालू राहिला. दोन षटकांत त्याचा संघ हरला. कप्तान त्याच्याशी बोलेना.

तंबूमागे तो पॅड गोळा करत होता. मी गेलो आणि म्हणालो, ‘शाब्बास. फार मोठी गोष्ट केलीस.’ त्याने वर पाहिलं. ओठ थरथरत होते. ‘थँक्यू सर,’ एवढंच म्हणाला आणि पुन्हा खाली बघून पट्टे बांधू लागला.

ऑफिसात येऊन लिहायला बसलो तेव्हा माझ्या डोक्यात टिल्डस्ली होता. ‘थँक्यू सर’वर बातमी कशी संपवायची? मी त्याच्या तोंडी घातलं, ‘हरलो तरी चालेल सर, पण खोटं जिंकून घरी आईला काय तोंड दाखवू?’ वाक्य उतरलं आणि मीच खूश झालो. रात्रपाळीचे प्रमुख म्हणाले, ‘झकास!’ त्यांनी चौकट करून पानाच्या वरच्या भागात लावली. माझ्या नावाने छापलेली ती पहिली चौकट. आमच्या घरी त्या दिवशी शिरा झाला.

आठवड्याने शिपाई सांगत आला, की खाली कुणी मुलगा भेटायला आलाय. तोच होता. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. मला वाटलं, आभार मानायला आला असेल. मी चहा मागवला. कपाला हात न लावता तो म्हणाला, ‘सर, मी तसं म्हणालो नव्हतो.’

मी काहीतरी सारवासारव केली. भावार्थ तोच होता, वगैरे.

‘तसं नाही सर. मला आई नाही. मी चौथीत असताना गेली.’

ऑफिसातले पंखे नेहमीसारखे फिरत होते. मला मात्र घाम फुटला.

तो शांतपणे सांगत होता. वडील गिरणीत होते, तेव्हा संपानंतर घरीच. त्यांनी बातमी वाचली, शेजारपाजारी दाखवली, ब्लेडने कापून देवाच्या तसबिरीमागे ठेवली. रात्री त्याला विचारलं, ‘आईची आठवण काढलीस तू?’

‘मग तू काय म्हणालास?’ मी विचारलं.

‘हो म्हणालो.’

त्याची काही तक्रार नव्हती. खुलासा छापा असंही तो म्हणाला नाही. उलट, छापू नका, बाबांना वाईट वाटेल, एवढंच सांगायला तो आला होता. मग चहा पिऊन गेला.

त्या रात्री मला जे उमगलं ते कार्डस यांच्या कुठल्याच पुस्तकात नाही. ज्या मुलाने संघ हरत असताना, कप्तानाचा राग पत्करून मैदानावर खरं सांगितलं, त्याला माझ्यामुळे स्वतःच्या घरात खोटं बोलावं लागलं. मी त्याच्या खरेपणाची बातमी लिहायला गेलो आणि नेमका तोच हिरावून आलो. ते मोठं सत्य वगैरे कागदावर छान दिसतं. पण ज्याच्या तोंडी ते घालायचं, तो माणूस कुठल्या तरी खोलीत राहत असतो. त्या खोलीत काय आहे आणि काय नाही, हे आपल्याला माहीत नसतं.

माणसाला वळण लागायला एक ठेच पुरते. त्यानंतर मी दुसऱ्यांचं लिहिणं निराळ्या नजरेने वाचू लागलो. मराठी दैनिकात खेळाचं स्वतंत्र पान रुजवलं ते ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वि. वि. करमरकर यांनी. ६ मार्च २०२३ रोजी ते गेले. क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो, कुस्तीला पानात मानाने बसवायचं आणि संघटनांच्या कारभाराकडेही डोळे उघडे ठेवायचे, हा त्यांचा धडा. तरुणपणी मला कार्डसपुढे ते रुक्ष वाटायचं. नंतर कळलं, की खो-खो खेळणाऱ्या खेड्यातल्या मुलीचं नाव आणि तिचे गुण बिनचूक छापणं, हासुद्धा तिचा गौरवच असतो.

आणि मग आली १४ ऑगस्ट १९९० ची रात्र. मैदान कुठलं? ओल्ड ट्रॅफर्ड! जिथे १९३६ मध्ये विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी २०३ धावांची सलामी दिली होती, ते कार्डस यांचं घरचं मैदान. इंग्लंडने भारतापुढे ४०८ धावांचं आव्हान ठेवलं होतं, १८३ धावांत सहा गडी बाद झाले होते आणि सतरा वर्षांचा सचिन तेंडुलकर मनोज प्रभाकरला घेऊन उभा होता. आमच्यासमोर होती ती फक्त वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी, तुकड्यातुकड्यांनी येणारी. डाक आवृत्ती थांबवून धरली होती. शेवटी आकडा आला. सचिन नाबाद ११९, प्रभाकर नाबाद ६७, भारत सहा बाद ३४३, सामना अनिर्णित. कुणी तरी ओरडलं, कुणी टेबल बडवलं. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन!

‘जरा रंग भर,’ प्रमुख म्हणाले. रंग माझ्या बोटांत शिवशिवत होता. हेल्मेटखालचा कोवळा चेहरा, ढगांतून आलेलं ऊन, पॅव्हेलियनमध्ये उभा राहिलेला एखादा म्हातारा इंग्रज. सगळं डोळ्यांपुढे होतं आणि त्यातलं काहीच मी पाहिलेलं नव्हतं. मी आकडे लिहिले, भागीदारी लिहिली, त्या मैदानाचा १९३६ चा इतिहास लिहिला आणि थांबलो. पुढे कळलं, की सामनावीर म्हणून शॅम्पेनची बाटली मिळालेल्या या मुलाचं वय तिथल्या कायद्याने ती पिण्याचं नव्हतं. असलं काही मला सात जन्मांत सुचलं नसतं. जे घडतं ते आपल्या कल्पनेपेक्षा पुष्कळदा हुशार असतं. फक्त त्याची वाट बघायची तयारी हवी.

मग कार्डस टाकून दिले का? छे! ते चार रुपयांचं पुस्तक अजून उशाशी आहे. आज मॅच संपायच्या आत आकडे मोबाईलवर येतात, प्रत्येक चेंडू दहा बाजूंनी दाखवला जातो. तरी माणूस कसा चालत आला, कुणाच्या नजरेला नजर भिडवली नाही, हे बघणारा डोळा लागतोच. तो डोळा मला त्यांनी दिला. बघण्यापुरतं त्यांचं ऐकायचं आणि अवतरण चिन्हं घालताना त्या मुलाला आठवायचं, एवढा हिशेब मी निवृत्त होईपर्यंत सांभाळला.

गेल्या पावसाळ्यात फोन आला. आवाज ओळखला नाही. ‘सर, आझाद मैदान. टप्पा पडला होता,’ असं तो म्हणाला तेव्हा चाळीस वर्षं झरकन मागे गेली. वडील गेले, हे सांगायला त्याने फोन केला होता. सामान आवरताना तसबिरीमागचं कात्रण निघालं होतं. पिवळं पडलेलं, पण शाबूत.

मी म्हटलं, ‘आता तरी छापू का खुलासा?’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘छापा सर. फक्त नाव नको. आणि कात्रण मी माझ्याकडेच ठेवतो.’

तेव्हा चाळीस वर्षं उशिरा का होईना, ही दुरुस्ती. कांगा लीगच्या त्या सामन्यानंतर संबंधित खेळाडूने आईविषयी कोणतेही उद्गार काढले नव्हते. तो फक्त ‘थँक्यू सर’ म्हणाला होता. चुकीबद्दल दिलगीर आहे.